धाकटीचं पाणी, मिस्त्रींची भिंत

धाकटीशी भांडायचं असेल तर आधी जेवून घ्यावं, असं त्या चढावरचे लोक म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. एकदा सुरुवात झाली की मध्येच उठायची सोय नसे. ती शिव्या देत नसे, हातवारे करत नसे. समोरच्याचंच वाक्य उचलायची, झटकायची आणि घडी घालून त्याच्या हातात परत द्यायची. बिचारा ते वाक्य घेऊन घरी जायचा आणि रात्रभर कूस बदलत राहायचा.

घरात दोन सुना. मोठी ती थोरली, लहान ती धाकटी. दोघींच्या सासऱ्यानं टेकडीच्या उतारावर जागा घेतली तेव्हा तिथे माणसांपेक्षा शेळ्याच जास्त फिरायच्या. त्यानं उतार कापून एकाखाली एक असे दोन टप्पे काढले, दोन घरं बांधली आणि दोन मुलांना देऊन टाकली. खालचं थोरल्याला, वरचं धाकट्याला. थोरला गवंडीकामात मुरलेला, अख्खी वस्ती त्याला मिस्त्री म्हणे. धाकटा शाळेची बस चालवायचा आणि घरी आला की ‘हो’ या एका शब्दावर संसार रेटायचा. तेव्हा वरच्या घरातली बोलायची जबाबदारी लग्नानंतर लगेचच धाकटीकडे आली. ती तिनं कधी खाली ठेवली नाही.

आणि हातही कधी रिकामे ठेवले नाहीत. टेकडीखालच्या दवाखान्याच्या चादरी धुवायला घेऊन तिनं सुरुवात केली. उतारावर वारा भरपूर, चादर दोरीवर टाकली की पातेलंभर भात शिजेपर्यंत वाळलेली. मग एका लॉजचं काम आलं, मग मशीन आलं, मग दुसरं मशीन. दारावर लॉन्ड्रीची पाटी लागली. सासरच्या माणसांना आधी हसू आलं, नंतर त्यांचेही कपडे आले. पाटी लागली त्या दिवशी ती रस्त्यापर्यंत खाली उतरली आणि तिथून पाटी कशी दिसते ते बघून आली. कुणी काही विचारू नये म्हणून हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन वर आली.

मशीनमधलं पाणी घरामागच्या शोषखड्ड्यात जायचं. सासऱ्यानंच तो खणून, दगडगोटे भरून ठेवला होता. पाणी आत गेलं की दिसेनासं व्हायचं, आणि दिसेनासं झालं म्हणजे ते गेलं, अशी सगळ्यांची समजूत. कुठे गेलं, हे विचारायला कुणाला वेळ होता?

ती माती मोठी फसवी. पिवळट, पिठासारखी बारीक. कोरडी असताना तिच्यावर कुदळ मारली तर हातांना झिणझिण्या यायच्या. उभा कापलेला कडा वर्षानुवर्षं जागचा हलायचा नाही. मिस्त्री तर पाहुण्यांना परसात नेऊन त्या कड्यावर थाप मारून दाखवायचे. “बघा, हिला सिमेंट लागत नाही,” असं म्हणताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की माती त्यांनीच घडवली असावी.

मग एका सकाळी मिस्त्रींच्या मागच्या खोलीच्या भिंतीला तडा दिसला. वरपासून खिडकीपर्यंत, बोट जाईल एवढा. मिस्त्री परसात आले, मान वर केली आणि ओरडले, “धाकटे! तुझं पाणी माझं घर खातंय!”

हे वाक्य वस्तीला फार आवडलं. सोपं होतं आणि धाकटीच्या विरुद्ध होतं. आजवर तिनं ज्यांना ज्यांना गप्प केलं होतं ते सगळे बोलायला लागले. पायऱ्यांवर बायका तिला बघून पदर सावरायच्या आणि आवाज खाली आणायच्या. मिस्त्री मात्र आवाज खाली आणत नव्हते. रोज सकाळी तड्यात बोट घालून बघायचे आणि वर तोंड करून तेच वाक्य म्हणायचे. शेवटी त्यांनी पालिकेत तक्रार केली.

तिथून आल्या त्या माती तपासणाऱ्या इंजिनिअर बाई. पायात जाड बूट, बोलण्यात अजिबात घाई नाही. त्यांनी मिस्त्रींच्या लाडक्या कड्याचं एक कोरडं ढेकूळ काढलं, मिस्त्रींनाच ते हातानं फोडायला सांगितलं. फुटलं नाही. मिस्त्री खूश. मग बाईंनी थोरलीकडून ग्लासभर पाणी मागून घेतलं आणि ढेकूळ त्यात सोडलं. चहात विसरलेल्या बिस्किटासारखं ते बसलं. तळाशी नुसता गाळ राहिला.

“कोरडी आहे तोवर हिच्यावर घर उभं राहील,” बाई म्हणाल्या. “ओली झाली की ती आतल्या आत बसते. मग पाणी नळाचं आहे, मोरीचं आहे की पावसाचं, हे ती विचारत नाही. तेव्हा उतारात पाणी मुरू द्यायचं नाही. आणि मला विचारल्याशिवाय खालून उतार खणायचा नाही.”

त्यांनी तड्यावर काचेची एक पट्टी आडवी चिकटवली. भिंत हलली तर काच फुटणार. मग वर येऊन त्यांनी शोषखड्डा पाहिला आणि तो त्याच दिवशी बंद करायला सांगितला.

“मग पाणी काय डोक्यावर घेऊन बसू?” धाकटी म्हणाली.

“पाइपात घ्या. थेट खाली रस्त्याच्या गटारापर्यंत न्या.”

धाकटीला आपलं चुकलं म्हणणं म्हणजे दाढ काढून घेण्यासारखं. पण ढेकूळ विरघळलेलं तिनं स्वतः पाहिलं होतं, आणि स्वतः पाहिलेलं ती कधी नाकारत नसे. खड्डा बुजला. धुण्याची जागा सिमेंटनं पक्की झाली, तिला चहूबाजूंनी कठडा आला. पन्हाळीचं पाणीही तिनं पाइपात घेतलं. आणि तो पाइप तिनं जमिनीवरून नेला, विटांच्या टेकूंवरून, सगळ्यांच्या दारांसमोरच्या पायऱ्यांच्या कडेनं, उघडा.

झालं, वस्तीला पुन्हा काम मिळालं. कुणाच्या नडगीला लागला, कुणाच्या दाराची शोभा गेली. मिस्त्री म्हणाले, “हे काय आतडं बाहेर काढल्यासारखं? मी गाडून देतो. फुकट देतो.”

“गाडलेला पाइप गळला तर कळणार कधी भाऊजी? तुमच्या अंथरुणात चिखल आल्यावर? तो वरच राहील. लोकांना माझ्या घरातलं सगळं बघायचं असतंच ना, मग हेही बघू देत.”

रोज मशीन लावण्याआधी ती वरून खालपर्यंत उतरायची आणि प्रत्येक सांध्याखालून कोरडा हात फिरवायची. एकदा एक सांधा पाझरला. तिनं भर सकाळी, दवाखान्याच्या चादरींचा ढीग पडलेला असताना, मशीन बंद केलं आणि प्लंबर येईपर्यंत त्या सांध्यापाशी बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून सांगायची, “गळतोय. माझाच आहे. दुरुस्त होतोय.” लोकांना बोलायला जागाच उरली नाही, याचा त्यांना फार राग आला.

मिस्त्रींचा तिच्यावर भरवसा नव्हताच. “माझं घर मी माझ्या हातानं वाचवीन,” म्हणाले, आणि परसात घर आणि कडा यांच्या मध्ये दगडी भिंत घालायला घेतली. पायासाठी कड्याचा तळ थोडा आत खणला. बाईंना विचारलं नाही. उभा जन्म भिंती बांधण्यात गेला, आता माणूस भिंतीची परवानगी मागेल? भिंत झाली मात्र देखणी, ओळंब्यात सरळ. तिच्या आणि कड्याच्या मधली पोकळी त्यांनी मातीनं भरून काढली. बाळंतिणीच्या खोलीत जावं तसे ते सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे जाऊ लागले. भाऊजींच्या परसात पुन्हा पाय ठेवायचा नाही असं धाकटीनं ठरवलंच होतं, आणि कड्याच्या पोटाशी असलेली ही भिंत वरून दिसत नसे, तेव्हा ती तिला फक्त ऐकून माहीत होती.

थोड्याच दिवसांनी काच फुटली.

आता कुणाला पुरावा नको होता. बाई आल्या, त्यांनी लॉन्ड्रीच्या नळाला सील लावलं, तड्यावर आतून नवी काच बसवली. मागच्या खोलीची खिडकी मात्र मिस्त्रींनी लावून घेतली होती. खोली मोकळी केलीय, म्हणाले, आणि बाई गडबडीत परसात गेल्याच नाहीत. धाकटीची मशीनं फडक्याखाली गेली. दवाखान्यानं चादरी दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. घरापुरतं पाणी ती कळशीनं आणायची, सांडपाणी बादलीनं खाली गटारात नेऊन ओतायची. पाऊस नव्हता, पाइप ठणठणीत कोरडा होता, आणि मनात कुठेतरी तिला वाटत होतं, आता तरी कळेल सगळ्यांना.

नवी काचही फुटली.

“तिचं जुनं पाणी आहे ते,” मिस्त्री पायऱ्यांवर उभे राहून सांगू लागले. “वर्षानुवर्षं मुरवलंय. आता उतरतंय हळूहळू.”

ती पालिकेत गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खोटा धीर दिला नाही. “तसं असू शकतं. मुरलेलं पाणी उशिरापर्यंत छळतं. मला नक्की माहीत नाही, आणि माहीत नसताना मी सील काढणार नाही. पुढच्या तपासणीत काच पुन्हा फुटलेली असली तर लॉन्ड्री कायमची बंद. वरचं घरही मोकळं करावं लागेल.”

घरी नवरा म्हणाला, “दुसरीकडे भाड्यानं जागा बघू का?” त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

“मी हलणार नाही,” धाकटी म्हणाली. “माझं पाणी असेल तर मी स्वतः दाराला कुलूप लावीन आणि किल्ली भाऊजींच्या हातात देईन. पण दुसऱ्याच्या पाण्यासाठी मी माझं घर सोडायची नाही.”

“दुसऱ्या कुणाचं असणार?”

“ते बघायला चाललेय.”

आणि ती दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत पायऱ्या उतरून मिस्त्रींच्या दारात गेली. थोरली गहू निवडत बसली होती. ती काही म्हणायच्या आत धाकटी तिच्या अंगावरून परसात पोहोचली होती.

परसात मिस्त्री हातात नळी घेऊन उभे होते. अंगठा नळीच्या तोंडाशी धरून भिंतीवर पाणी उडवत होते, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, एकही दगड कोरडा राहू नये म्हणून डोळे बारीक करून. भिंत न्हाऊन निघाली होती. जास्तीचं पाणी मागच्या भरावात उतरत होतं. धाकटीनं भिंतीच्या कडेनं जाऊन भरावावर पाय ठेवला आणि ती घोट्यापर्यंत आत गेली.

तिला क्षणभर हसूच आलं. सिमेंटचं काम केलं की त्याला पाणी मारायचंच, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. तिच्या घराचा ओटा झाला तेव्हा तिनंही मारलं होतं. ज्यानं पाणी मारायचा कंटाळा केला त्या मजुराला मिस्त्रींनी कधी कामावर ठेवलं नव्हतं. नळाचं, मोरीचं, पावसाचं, सगळं पाणी वस्तीनं मोजून झालं होतं, आणि हे पाणी म्हणजेही पाणीच, हे एवढ्या माणसांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

हसू गेल्यावर राग आला, आणि तो चांगलाच आला. ती भिंतीच्या आणि मिस्त्रींच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

“बाजूला हो,” मिस्त्री म्हणाले.

“बंद करा ते.”

“अगं, भिंत ताजी आहे. पाणी नाही मारलं तर कच्ची राहील.”

“भिंत कच्ची राहील. आणि मारलंत तर आपण सगळे पक्के मरू. पाय बघा माझा, चिखल कुठवर लागलाय! हे माझं जुनं पाणी आहे का हो भाऊजी? वरून इतकं थंडगार, ताजं ताजं उतरलं?”

“मला कामातलं शिकवतेस? तू?”

“मी नाही शिकवत. ग्लासातल्या ढेकळानं शिकवलं, तुम्ही पहिल्या रांगेत होतात. मारायचंय ना पाणी? मारा. माझ्यावर मारा. मी काही इथून हलत नाही.”

मिस्त्रींना काय वाटलं कोण जाणे. चुकलेला माणूस कधी कधी चूक जोरात करून बघतो. त्यांनी नळी खाली घेतली नाही. धाकटी केसांपासून पायांपर्यंत भिजली, डोळेही न मिटता उभी राहिली. आणि मग पाणी आपोआप बारीक झालं, थेंब थेंब झालं, थांबलं.

परसाच्या दारात थोरली नळाची चावी हातात घेऊन उभी होती. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्यापुढे आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिनं आताही चढवला नाही.

“त्या खोलीत माझी पोरं वाढलीत,” ती म्हणाली. “आता भिंतीला पाणी नाही.” चावी तिनं कमरेला खोचली आणि आत जाऊन पुन्हा गहू निवडायला बसली.

मिस्त्री भिंतीकडे बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “तडकेल गं ती.” त्या आवाजात भांडण नव्हतं. पोटचं पोर उपाशी ठेवायला सांगितल्यासारखा तो आवाज होता, आणि धाकटीला तो नको असताना समजला.

संध्याकाळी ती पुन्हा आली. खांद्यावर लॉजच्या बाद झालेल्या चादरींची चळत होती. कळशीतल्या पाण्यात भिजवून, पिळून आणलेल्या, आणि धाकटीनं पिळलेल्या चादरीतून थेंब काढून दाखवावा कुणीही. तिनं त्या भिंतीवर पसरल्या, वरून प्लास्टिक घातलं, भरावावरही प्लास्टिक अंथरलं आणि दगड ठेवले. “ओल भिंतीला मिळेल, जमिनीला नाही,” ती म्हणाली. “उद्या बदलते. आणि उपकार समजू नका. उद्या भिंत तडकली तर तेही माझ्याच नावावर टाकाल.”

थोरलीनं गाजावाजा न करता एक काम केलं. तड्यावर स्वतः नवी काच चिकटवली. रोज बघायची आणि कुणाला काही बोलायची नाही.

तपासणीला बाई आल्या तेव्हा वस्ती अशी जमली होती की पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. लॉन्ड्री बंद होताना बघायला मिळणार म्हणून काहीजण कामावर उशिरा जाणार होते. बाई आत गेल्या, थोरलीनं काच कधी लावली ते तिला विचारून बाहेर आल्या.

“काच शाबूत आहे.”

गर्दीतून कुणीतरी चुकचुकलं. धाकटी वरच्या पायरीवर हाताची घडी घालून उभी होती.

“वरचं पाणी आधीही बंद होतं, आताही बंद आहे,” बाई म्हणाल्या. “मग मधे काच फुटली ती कुठल्या पाण्यानं? ते कळल्याशिवाय मला सील काढता येणार नाही. आणि खिडकीतून दिसतात त्या परसातल्या चादरी कसल्या?”

धाकटीनं थोरलीच्या दाराकडे पाहिलं. सांगणं सोपं होतं, गेले कित्येक दिवस तिच्या जिभेवर ते तयार होतं. पण तिला ते स्वतःच्या तोंडून नको होतं. थोरली दारात आली आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

मिस्त्री पायातल्या चपलेकडे बघून काहीतरी पुटपुटले.

“ऐकू आलं नाही,” धाकटी वरून म्हणाली.

“जाऊ दे गं आता,” गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. “मोठे आहेत.”

“नाही जाऊ देणार. मला घर खाणारी म्हणताना यांचा आवाज रोज वरपर्यंत यायचा. अख्ख्या टेकडीनं ऐकलंय. आता तेवढ्याच आवाजात बोला भाऊजी. मी वरच उभी आहे.”

मिस्त्रींनी मान वर केली. चेहरा लाल झाला होता, पण नजर त्यांनी चुकवली नाही, आणि ओरडले ते पूर्वीसारखेच ओरडले.

“पाणी माझं होतं! मी भिंतीला मारलेलं! धाकटीचं नव्हतं!”

धाकटीचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला संताप आला. तिनं पदरानं तोंड पुसलं. बाई परसात जाऊन चादरी उचलून सगळं बघून आल्या. कड्याचा खणलेला तळ पाहून मिस्त्रींना असं काही बोलल्या की धाकटीलाही त्यात भर घालावीशी वाटली नाही. ओला भराव उपसायचा, भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवायची, मागे खडीचा थर द्यायचा, आणि हे सगळं बाईंच्या देखरेखीखाली. मागची खोली तोवर रिकामीच. मिस्त्री प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणत गेले, थेट धाकट्या भावासारखे.

मग बाई वर आल्या आणि त्यांनी नळाचं सील तोडलं. “चालू करा. मी खाली पाइप बघते.”

धाकटीनं मशीनवरचं फडकं काढलं, चादरी भरल्या, बटण दाबलं. थोड्या वेळानं पहिलं पाणी पाइपात उतरलं आणि सगळ्यांच्या दारांसमोरून खळखळत खाली गेलं. तिनं कठड्यावरून वाकून पाहिलं. बाईंच्या आधीच मिस्त्री आपल्या दारासमोर उकिडवे बसले होते. सांध्याखालून त्यांनी हात फिरवला, तळवा उलटा करून पाहिला आणि स्वतःशीच म्हणाले, “कोरडा.”

“मोठ्यानं!” धाकटी वरून म्हणाली.

“कोरडा आहे!” मिस्त्री ओरडले.